तळ्यातला मासा वर का येतो?

आमच्या कासुर्डीच्या बाजूला आता शेततळी पुष्कळ झाली आहेत. २०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली. तेव्हापासून तर फारच झाली. कालव्याचे पाणी पाळीपाळीने येते. ते साठवावे, विहिरीचे पाणी त्यात टाकावे, उसाला, कांद्याला द्यावे, हा तळ्याचा पहिला उपयोग. मग घरातले कोणी म्हणते, "पाणी नुसते पडून आहे. मासे का सोडू नयेत?" विचार चांगला आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे अशा तळ्यात वाढतात.

पण एखाद्या सकाळी मालक तळ्यावर जातो, आणि पांढरी पोटे वर करून मासे तरंगताना दिसतात. मालक कपाळाला हात लावतो. "कुणीतरी विष कालवलं!" मग बांधावरच्या भावाचे नाव निघते. जुना तंटा वर येतो. मासे गेले, पैसे गेले आणि भावकीही गेली.

मंडळी, भावाचे नाव घेण्याआधी पाण्याकडे बघा. पुष्कळदा विष कोणी घातलेले नसते. मासे गुदमरून मेलेले असतात.

पाण्यात मासा गुदमरतो कसा? मासाही श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी ओढून घेतो. हा प्राणवायू पाण्यात फार थोडा मावतो. एक लिटर पाण्यात जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. तळ्याचे पाणी हिरवे दिसते ना? ते बारीक शेवाळ. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू खाते. मासेही खातात. तळाशी कुजलेली पेंडही खाते. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदला दिवस ढगाळ गेला असेल तर तो आधीच कमी तयार झालेला असतो. मग मासे वर येतात आणि तोंडे उघडून हवा गिळू लागतात. पोरं म्हणतात, "बघा, मासे खेळायला लागले!" तो खेळ नव्हे.

आता विष आणि गुदमरणे यांत फरक कसा ओळखावा? गुदमरलेले मासे पहाटे मरतात. मोठे आधी मरतात. उरलेले ऊन चढल्यावर पुन्हा खाली जातात. विषाला वेळकाळ नसतो. त्यात मासे सैरावैरा धावतात, लहान-मोठे सगळे मरतात. बेडूक आणि पाण्यातले किडेही मरतात. आणि विष तरी दर वेळी शत्रूच घालतो असे नाही. फवारणीचा पंप घरचाच गडी तळ्यात धुतो.

मासे पहाटे वर आलेले दिसले, तर त्या दिवशी खाणे बंद. मोटार चालू करून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडा. ते जितके फुटेल तितकी हवा त्यात मिसळते. विहिरीचे पाणी सोडायचे तर तेही उंचावरून सोडा, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्या वेळेला वीज नसेल तर दोघांनी झाडाच्या फांद्या घेऊन पाणी बडवावे. तळाचा गाळ मात्र ढवळू नका.

तळे फार हिरवे झाले की नाही, हे हातानेच कळते. काठाशी नीट बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. पाणी कोपराला लागले आणि तळहात दिसेनासा झाला, तर ठीक. हात निम्मा बुडाला तोच तळहात दिसेना, तर शेवाळ जास्त झाले. खाणे कमी करा, थोडे पाणी शेताला काढा आणि नवे घाला.

नव्या तळ्याचे दुखणे निराळेच. इथे खाऱ्या पाण्याच्या पेटीची गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. समुद्रातले मासे काचेआड पोहताना लोकांनी तिथे पाहिले. आता शहरातले हौशी लोक घरीही अशी पेटी ठेवतात. नवा माणूस पेटीत खारे पाणी भरतो, दुसऱ्या दिवशी रंगीत मासे सोडतो, आणि थोड्याच दिवसांत ते मरतात. पाणी तर काचेसारखे स्वच्छ असते! घात करतो तो अमोनिया. तो माशाच्या अंगातून आणि उरलेल्या खाण्यातून निघतो. डोळ्यांना दिसत नाही. काही उपयोगी जंतू त्याचे रूप पालटून त्याचा जोर घालवतात. पण ते जंतू वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. जाणता माणूस तोवर थांबतो. मग एक-दोनच मासे सोडतो.

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले नवे शेततळे त्या पेटीसारखेच असते. त्यात मातीचा तळ नसतो, आणि जंतूंची वस्तीही नसते. म्हणून एकदम सगळे मासे सोडू नका. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद तळ्याला नऊशे बोटुकली पुरे. त्यातही आधी थोडी सोडावी. आणलेली पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तशीच तरंगू द्या. मग तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत घाला, आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा सारखा मिसळून टोपलीत ठेवावा. दोन तासांनी टोपलीत उरले, तर उद्या कमी घालावे.

उन्हाळ्यात आणखी एक होते. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. काचेच्या पेटीत उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालतात. आपण मात्र खारवट विहिरीचे पाणी ओतत राहतो, आणि तळे महिन्या-महिन्याला जास्त खारे होते. कालव्याची पाळी आली की तळ्यातले जुने पाणी थोडे काढून हे गोडे पाणी भरून घ्यावे.

मीठ औषधही आहे. माशाच्या अंगावर बारीक जंतू झाले की तो तळ्याच्या कडेला अंग घासतो. तेव्हा दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून मासा त्यात एक-दोन मिनिटे धरतात. हे पाणी जवळजवळ समुद्राइतके खारे होते. मासा आडवा पडू लागला तर लगेच काढावा. समुद्रातल्या माशाला असे जंतू झाले, तर उलट त्याला थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवतात.