जीपचा बंपर, विंच आणि आमचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण प्रसंगच तसा आला. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या आमच्या गावी, तापाने फणफणलेल्या काकूला दवाखान्यात नेताना काकांची जीप ओढ्याच्या चिखलात रुतली. दोन तासांनी शेजाऱ्यांच्या बैलांनी ती बाहेर काढली. पुढे लोखंडी बंपर व विजेवरचे विंच बसवायचेच, असे काकांनी ठरवले. मला म्हणाले, "तू कॉमर्स शिकतोस ना, मग हिशेब काढ."

प्रथम ताकद. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढीचे विंच घ्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आमचे वजन २००० किलो, म्हणून ओढ ३००० किलो, म्हणजेच सुमारे ६६०० पौंड. मात्र विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवरील दोराच्या पहिल्या थराची असते. थर वाढले की घेर वाढतो आणि ओढ घटते. म्हणून ८००० पौंडांचे पाहावे.

दुसरा दोर. पोलादी दोर घासला तरी टिकतो, पण तुटल्यास चाबकासारखा उसळतो. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो, मात्र ऊन व धारदार दगड त्याला सोसत नाहीत. दोर कोणताही असो, ओढताना त्यावर ओले पोते टाकावे व माणसांना दूर ठेवावे.

तिसरा बंपर. सारी ओढ त्याच्यावर येते. म्हणून तो चासीलाच बोल्टने घट्ट बसवलेला हवा. पण इथेच अडचण निघाली. क्रॅश गार्ड व बुल बार बसवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहे, असे केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. शिवाय अशा गार्डमुळे पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

मग मी खर्चाची बाजू मांडली: बंपर, विंच, जाड केबल, मोठी बॅटरी. आणि गरज? वर्षातून चार-पाच दिवस. त्यापेक्षा ३२०० किलोचे हाताने चालवायचे विंच, झाडाला बांधायचा रुंद पट्टा आणि गाडीचा मूळचा हूक एवढे पुरे. बॅटरी नको, गाडीत फेरफार नको.

काकांना हे लगेच पटले नाही. पण यंदा जीप पुन्हा रुतली, तेव्हा आम्ही दोघांनी अर्ध्या तासात ती बाहेर काढली. घाम पुष्कळ गाळावा लागला, हे खरे. वस्तूची किंमत विचारण्याआधी गरज मोजावी, हा पाठ मात्र मला वर्गाबाहेर मिळाला.