रक्तवाढीच्या गोळ्यांनी रक्त का वाढेना?

आईचं हिमोग्लोबिन 8 वर आलं तरी आमच्या डॉक्टरांचं पालुपद एकच, "या वयात बायकांचं रक्त कमी असतंच. गोळ्या चालू ठेवा, बीट-खजूर द्या." गोळ्या चालूच होत्या, त्यांनी पोट तेवढं बिघडलं. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची. जुना मधुमेह, पायांवर सूज, तरी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी विचारलं, "एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) 88 म्हणजे नॉर्मल आहे. लोह कमी असतं तर पेशी लहान दिसल्या नसत्या का?" तर म्हणाले, "मोबाइलवर वाचून डॉक्टर होता येत नाही." अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी मीच तिला किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी सगळे रिपोर्ट तारखांप्रमाणे टेबलावर मांडले, क्रिएटिनिन आणि फेरिटिन करून घेतलं आणि म्हणाल्या, "लोह भरपूर आहे हो. रक्त बनवायचा निरोपच पोचत नाहीये." हा निरोप म्हणजे एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन. प्राणवायू कमी पडला की किडनी ते सोडते आणि हाडांच्या मज्जेत तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते. किडनी थकली की हार्मोन आटतं आणि गेलेल्या पेशींची भरपाई होत नाही. या हार्मोनचं इंजेक्शन अमेरिकेत 1989 मध्येच मंजूर झालं. इतकी जुनी गोष्ट डॉक्टरांना सुचू नये?

घरात मधुमेह किंवा बीपी असलेल्या कुणाचं रक्त कमी दिसलं तर सीबीसीवर थांबू नका. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, फेरिटिन, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन करा. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 बघा. थायरॉइडसुद्धा, कारण ते कमी असलं तरी मज्जेचं काम मंदावतं. फाइल जपा, शंका विचारा.

एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन सुरू झालं तर ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं. मेडिकलमधून आणताना बर्फाला चिकटू देऊ नका. गोठलं की ते वाया गेलं. हलवूही नका. या इंजेक्शननं बीपी चढतं, म्हणून मोजत राहा. हिमोग्लोबिन 13 च्या वर न्यायचा हट्ट नको, पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि रक्ताची बाटली लावायची घाई करू नका. पुढे किडनी बदलायची वेळ आली तर बाहेरच्या रक्तामुळे तयार झालेल्या अँटिबॉडी आड येऊ शकतात. आमच्या डॉक्टरांनी बाटलीही सुचवली होती, किडनीचं नाव न काढता.