अधिवेशनातले भाषण आणि शाळेपुढचा गतिरोधक



गणेशोत्सव जवळ आला की आपल्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेची गडबड सुरू होते. कोणी आरशासमोर उभा राहून हातवारे करतो, तर कोणी आजोबांकडून भाषण लिहून घेऊन ते घोकतो. यात वाईट काही नाही. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांत आम्हीही टाळ्या पुष्कळ मिळवल्या आहेत. पण टाळ्या थांबल्यानंतर त्या भाषणाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या वयात आम्हाला कधी पडला नाही. आज तो तुमच्यासमोर ठेवावा म्हणून रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या अधिवेशनाचा पाठ घेतला आहे.

एका बॅरिस्टरची शिफारस

पहिल्या महायुद्धानंतर आपल्या देशात मोटारी वाढू लागल्या. बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते मोटारीच्या चाकांखाली उखडत आणि धुळीचे लोट उठत. रस्ते प्रांतांच्या आणि स्थानिक बोर्डांच्या ताब्यात होते व त्यांच्याकडे पैसा अपुरा होता. म्हणून १९२७ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर. जयकर इंजिनिअर नव्हते. ते मुंबईचे बॅरिस्टर होते आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, पुरावा तपासावा आणि मग लिहावे, ही वकिलाची सवय त्यांना होती.

समितीचा अहवाल १९२८ साली आला. रस्ते ही साऱ्या देशाची गरज मानावी, पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभव सांगावेत अशी कायमची संस्था असावी आणि रस्त्यांचे संशोधन व्हावे, या त्यातल्या मुख्य शिफारशी. एकेक गोष्ट घडत गेली. १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसून रस्ते निधी सुरू झाला. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा तिचे ७३ सभासद होते. १९५२ साली दिल्लीत केंद्रीय रस्ता संशोधन संस्था सुरू झाली.

इथे काँग्रेस हा शब्द वाचून कोणी राजकीय पक्ष समजू नये. काँग्रेस म्हणजे परिषद. तिचे वार्षिक अधिवेशन दरवेळी निरनिराळ्या शहरात भरते. २०१५ साली ते आपल्या इंदुरातही भरले होते.

नागपूरची बैठक

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य इंजिनिअर जमले. दुसरे महायुद्ध चालू होते, स्वातंत्र्य अजून आले नव्हते. तरीही या मंडळींनी पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार केला. तो 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनी रस्त्यांचे वर्ग ठरवले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, मोठे व लहान जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्राला सुमारे १६ किलोमीटर रस्ता असावा, आणि चांगली शेती असलेल्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावे, असे त्यांचे लक्ष्य होते. लांबीचे लक्ष्य १९६१ पर्यंतच पार झाले.

नीट पाहा. 'खेड्यांचा उद्धार झाला पाहिजे' एवढे बोलून ते थांबले असते तर टाळ्या मिळाल्याच असत्या. त्यांनी 'पाच मैल' म्हटले. पाच मैल मोजता येतात. काम झाले की नाही, हे वीस वर्षांनी कोणालाही विचारता येते.

तिथे वक्ता कसा बोलतो

अशा अधिवेशनात उद्घाटनाची भाषणे असतात, हारतुरे असतात. पण खरे काम तांत्रिक बैठकांत चालते. ज्याला काही सांगायचे असेल तो आधी निबंध लिहितो. तो छापून सभासदांना वाचायला मिळतो. बैठकीत लेखक थोडक्यात बोलतो आणि मग इतर जण विचारतात, हा प्रयोग कोणत्या मातीवर केलात? पावसाळ्यानंतर रस्ता पाहिला होता का? लेखकाला उत्तर द्यावे लागते. ज्या गोष्टी कसाला उतरतात, त्यांवर समित्या बसून मसुदा करतात, आणि शेवटी क्रमांक दिलेले एक पुस्तक निघते. देशातल्या कोणत्याही कोपऱ्यातला उपयंत्री ते उघडून काम करू शकतो. बोलणारा निवृत्त झाला तरी त्याचे म्हणणे रस्त्यावर शिल्लक राहते.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी शाळेपुढच्या रस्त्यावर सहावीतल्या एका मुलाला मोटारसायकलचा धक्का लागला. हात मोडला, जीव वाचला. त्या आठवड्यात मोहल्ल्याची सभा होती. आम्ही उठून बोललो, आणि खरे सांगायचे तर फार जोरात बोललो. 'उद्याच्या उद्या इथे गतिरोधक झाला पाहिजे!' सभा दणाणली. चारच दिवसांत गतिरोधक झालाही: डांबराचा अरुंद, उभा ढिगारा. ना पांढरे पट्टे, ना आधी फलक. महिन्याभराने संध्याकाळच्या अंधारात एक आई लहान मुलीला मागे बसवून स्कूटरवरून आली आणि त्यावरून उडून पडली. मुलीच्या कपाळाला टाके पडले. ती आपल्याच शाळेच्या बालवर्गातली होती.

गतिरोधक मागितला आम्ही. तो कसा असावा हे मात्र आम्ही ना सांगितले, ना विचारले. तिच्या आईने आम्हाला दोष दिला नाही, पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

तेव्हा आपला एक माजी विद्यार्थी, जो आता उपयंत्री आहे, भेटायला आला. म्हणाला, "सर, याचे माप ठरलेले आहे." त्याने रोड्स काँग्रेसचे ९९ क्रमांकाचे पुस्तक दाखवले. ते पहिल्यांदा १९८८ साली निघाले आणि २०१८ साली सुधारले गेले. लहान रस्त्यावरचा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याच्या माथ्याची त्रिज्या १७ मीटर असावी, म्हणजे वाहन ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने धक्का न बसता जाते. वर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी सूचनाफलक हवा.

यावेळी आम्ही भाषण केले नाही. मापे लिहून अर्ज दिला, आवक क्रमांकासह पावती घेतली आणि दोनदा स्मरणपत्र पाठवले. सात महिने लागले. आज शाळेपुढे आहे तो हाच गतिरोधक.

दहावीसाठी गणित

ही मापे एकमेकांशी जुळतात का, हे तुम्हीच तपासा. गतिरोधकाची रुंदी ही वर्तुळाची जीवा माना. तिचा अर्धा भाग १.८५ मीटर, त्रिज्या १७ मीटर. पायथागोरसच्या प्रमेयाने केंद्रापासून जीवेपर्यंतचे अंतर काढा.

१७ चा वर्ग २८९, १.८५ चा वर्ग ३.४२२५, वजाबाकी २८५.५७७५, तिचे वर्गमूळ सुमारे १६.९०.

१७ वजा १६.९० म्हणजे ०.१० मीटर, अर्थात १० सेंटिमीटर. पुस्तकातले माप बरोबर निघाले. आता रुंदी फक्त ६० सेंटिमीटर आणि उंची तेवढीच ठेवली, तर माथ्याची त्रिज्या किती होईल? ती फक्त अर्धा मीटर येते. स्कूटर का उडाली, ते हा आकडाच सांगतो.

यंदाच्या स्पर्धेचा नवा नियम

यंदा प्रत्येक स्पर्धकाने भाषणासोबत एक पान लिहून द्यायचे आहे. त्यावर तीन गोष्टी हव्यात: आपण कोणती अडचण मांडतो, ती स्वतः कशी मोजली, आणि नेमके काय व्हावे. नंतर श्रोत्यांतून दोन प्रश्न विचारले जातील. आवाज आणि हावभाव यांना गुण आहेतच, पण निम्मे गुण या पानाला व उत्तरांना मिळतील. पालकांना नम्र विनंती, भाषण लिहून देऊ नये. मोजपट्टी मात्र जरूर द्यावी.