बिडी वळणाऱ्या हातांना तंबाखू काय करतो?



वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. “ताई, आम्ही बिडी वळतो, ओढत नाही. मग तंबाखू आम्हाला काय करणार?” प्रश्न रास्त आहे. पाकिटावरचे चित्र ओढणाऱ्याला भीती दाखवते. वळणारीला कोणी काही सांगत नाही. गोंदिया-भंडाऱ्यात पूर्वीइतके बिडीचे काम राहिले नसले, तरी सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या आयाबहिणी आजही आहेत.

आधी एक शब्द समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकात मुले ‘उत्परिवर्तन’ शिकतात. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. नवी पेशी कशी घडवायची याची नक्कल त्यात असते. तेंदूचा पत्ता तुम्ही पत्र्याच्या साच्यावर ठेवून कापता. साच्याची कड वाकली तर पुढचा प्रत्येक पत्ता वाकडाच कापला जाईल. डीएनएमध्ये असा कायमचा बिघाड झाला तर त्याला उत्परिवर्तन म्हणतात, आणि तो बिघाड करणाऱ्या वस्तूला उत्परिवर्तक. कडक उन्हातले अतिनील किरण, क्ष-किरण, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन, तंबाखू, हे सगळे त्यातलेच. शरीर असे बहुतेक बिघाड स्वतःच दुरुस्त करते. पण मार रोजचा असला की काही बिघाड सुटून जातात, वर्षानुवर्षे साठतात, आणि एखादी पेशी बेताल वाढू लागते. तोच कर्करोग. त्याचा मागच्या जन्माच्या पापाशी काही संबंध नाही, आणि तो शिवल्याने पसरतही नाही.

एखादी वस्तू उत्परिवर्तक आहे हे ओळखतात कसे? 1970 च्या दशकात अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी साल्मोनेला जिवाणूंवर सोपी चाचणी बसवली. त्यांनी घेतलेल्या जिवाणूंना हिस्टिडिन नावाचे एक पोषक द्रव्य स्वतः तयार करता येत नाही, म्हणून ते न मिळाल्यास ते वाढत नाहीत. त्यांच्यावर एखादी वस्तू टाकली आणि अचानक पुष्कळ जिवाणू हिस्टिडिनशिवायच वाढू लागले, तर त्या वस्तूने त्यांचा डीएनए बदलला असे समजायचे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुंबईतून आले. टाटा मेमोरियल सेंटरच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बिडी उद्योगातल्या कामगारांचीच तपासणी केली. कामगारांच्या लघवीत कोटिनिन सापडले. निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचे कोटिनिन होते, म्हणजे तंबाखू अंगात शिरल्याची ती साक्ष. 1995 साली महिमकर आणि भिसे यांनी तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशी पाहिल्या, तेव्हा गुणसूत्रांतले बिघाड जास्त आढळले. हे कामगार तंबाखूच्या दाट धुळीत राबणारे होते. घरी वळणारीला तेवढी धूळ लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण कारखान्यातला कामगार पाळी संपली की बाहेर पडतो. आपल्याकडे कामाची खोली, स्वयंपाकाची खोली आणि तान्ह्या बाळाची झोळी एकच असते.

न जळलेल्या तंबाखूतही नायट्रोसामाइन नावाची विषारी द्रव्ये असतात. पान वाळवताना आणि मुरवताना ती तयार होतात. धुळीबरोबर ती नाका-तोंडात जातात. बोटांना लागलेली चपातीबरोबर पोटात जातात. निकोटिन कातडीतूनही शिरते आणि आईच्या दुधात उतरते.

त्यावर आपण आणखी भर घालतो. काम लांबले, भूक मारायची, झोप उडवायची म्हणून खर्रा. सकाळी दाताला गुडाखू. खऱ्र्यात तंबाखूबरोबर सुपारी आणि चुना असतो. “तंबाखू कमी टाक, सुपारी जास्त” असे पानठेल्यावर सांगणाऱ्यांना वाटते आपण वाचलो. सुपारी एकटीसुद्धा माणसाला कर्करोग देते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच जाहीर केले आहे. चुन्याने सुपारीतली घातक रसायने अधिक जोरात तयार होतात, आणि गालाच्या आतली कातडी हळूहळू दोरीसारखी ताठ होते. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, खर्रा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर घोटला जातो.

काम सोडा असे मी म्हणणार नाही. ज्या घराची चूल कट्ट्यांवर पेटते त्या घराला असा सल्ला देणे सोपे असते. जमेल ते असे करा. सूप ओसरीवर किंवा दारात घ्या, जिथे वारा खेळतो. तंबाखू घरात भाजू नका, चाळू नका. तंबाखूचा डबा पिठाच्या डब्याजवळ नको. कामानंतर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे धूळ उडणार नाही. जेवण्याआधी, कणीक मळण्याआधी आणि बाळाला पाजण्याआधी हात साबणाने धुवा. कामाचे लुगडे वेगळे ठेवा. नाकाला पदर बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक नाही, म्हणून नुसत्या पदरावर भिस्त नको. पोटुशी सून आणि लहान मुले सुपापासून दूर. मुलांना कट्टे बांधायला बसवणे तर बंदच करा.

आणि मालकाकडून, ठेकेदाराकडून काय मागायचे? साबण, कामाला हवेशीर सामायिक शेड, बिडी कामगार ओळखपत्र. कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांना संघटित केले आणि 1937 साली ते विधिमंडळात निवडून गेले. तेव्हा मागणी करणे आपल्याला नवे नाही.

आज रात्री कंदिलाच्या नव्हे, चांगल्या उजेडात आरशासमोर तोंड उघडा. आपली तीन बोटे उभी आत जातात का पाहा. गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच आग, यांपैकी काहीही असले तर थांबू नका. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताईंना विचारा. पुढची तपासणी लागली तर गोंदियाच्या के.टी.एस. रुग्णालयात जा. जाताना ‘मी बिडी वळते, इतक्या वर्षांपासून’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते स्वतःहून क्वचितच विचारतात.