फोन वाजला की उठावंसं वाटलं पाहिजे

2025 च्या 16 जानेवारीला बिदरात भरदिवसा, स्टेट बँकेच्या शाखेसमोर, एटीएममध्ये भरायची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या. एकाचा जीव गेला. त्या घटनेची चित्रफीत दिवस मावळायच्या आत गावोगावच्या फोनवर फिरली आणि आमच्या भालकीच्या गल्लीत पुढच्या काही महिन्यांत दारोदार कॅमेरे लागले. घरात म्हातारी माणसं, पोरं पुण्याला, हैदराबादला, लातूरला. भीती खरीच होती. आम्हीही लावले. एक दरवाज्यावर, एक परसात आणि एक मळ्यातल्या विहिरीवर, सोलरवर चालणारा, सिमकार्डाचा.

कॅमेरा घेताना चित्र किती स्वच्छ येतं, रात्री रंगीत दिसतं का, हे सगळे विचारतात. दिवसाकाठी फोन किती वेळा वाजेल, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, त्या रात्री आमच्याकडे काय झालं ते सांगतो. संध्याकाळपासून पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्याभोवती घोंगावत होते. दरवाज्यावरचा कॅमेरा दर मिनिटाला ‘हालचाल दिसली’ म्हणून कळवत होता. परसातल्या कॅमेऱ्यासमोर वाऱ्यानं लिंबाची फांदी हलत होती, तोही कळवत होता. माझा फोन, पुण्यात सूनबाईचा फोन, हैदराबादला लेकीचा फोन, तिन्ही वाजत होते. दहाच्या सुमारास सूनबाईनं विचारलं, “अण्णा, सगळं ठीक आहे ना? नुसते किडे दिसतायत.” मी म्हटलं, “किडेच आहेत, झोप तू.” मध्यरात्रीनंतर विहिरीवरच्या कॅमेऱ्यानंही एकदा कळवलं. पण अॅप तेच, आवाज तोच आणि फोनवर त्याच्या खाली-वर किड्यांची रांग. सकाळी गडी मळ्यात गेला तेव्हा मोटारीची तांब्याची केबल कापून नेलेली होती. कॅमेऱ्यात सगळं होतं: डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला माणूस, हातात कटर, निवांत चाल. यंत्रानं आपलं काम केलं होतं आणि आमच्यापैकीही कोणी हलगर्जीपणा केला नव्हता. संध्याकाळपासून खोटं ओरडणाऱ्याची खरी हाक कुणाच्याही कानापर्यंत पोचत नाही, इतकंच.

तेव्हापासून आळंद, औराद, हुमनाबादकडच्या पै-पाहुण्यांच्या घरी गेलो की मी आधी भिंतीवरचा कॅमेरा बघतो. बहुतेक ठिकाणी दुखणं सारखंच असतं आणि त्याचा उपाय फोनपेक्षा भिंतीवर जास्त असतो.

कॅमेऱ्याला हालचाल कळते कशी, हे आधी समजून घ्यावं. घरच्या विजेवर चालणारा साधा कॅमेरा एका चित्राशी पुढचं चित्र ताडून बघतो. मधे पुरेसा फरक पडला की तो कळवतो. त्याला चोर, साडी आणि सावली सारखीच. बॅटरीवरचे आणि सोलरचे कॅमेरे बहुधा उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरवर जागे होतात. आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून सरकलं की त्याला कळतं. तिसरी जात नव्या कॅमेऱ्यांची. ते चित्रातला आकार बघून माणूस, जनावर, गाडी असा भेद करतात. ही सोय असेल तर फक्त ‘माणूस’ चालू ठेवून बाकीचं बंद करावं. निम्मा गोंगाट तिथेच मिटतो. मात्र पोतं पांघरून वाकून चालणारा माणूस त्यालाही दर वेळी माणूस वाटेल, असं धरून चालू नये.

उष्णतेच्या सेन्सरचं आपल्याकडे एक खास दुखणं आहे. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीचा पारा 42-43 अंशांपर्यंत जातो. शहाबादी फरशीचं अंगण, पत्र्याचं छत, भिंती, सगळं माणसाच्या अंगाइतकं गरम. अशा वेळी दुपारी समोरून जाणारा माणूस सेन्सरला वेगळा उठून दिसतच नाही. मग घरचे म्हणतात, कॅमेरा झोपलाय, आणि सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात. रात्री अंगण निवतं आणि तोच कॅमेरा मांजर, घूस, वटवाघूळ, सगळ्यांवर ओरडायला लागतो. उन्हाळ्यात दुपारच्या पहाऱ्यासाठी या सेन्सरवर विसंबू नये आणि त्याच्यासाठी रात्रीची झोपही घालवू नये. याच सेन्सरची दुसरी खोड अशी की समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. म्हणून विहिरीवरचा कॅमेरा वाटेकडे तोंड करून होता तो आम्ही बाजूला सरकवला. आता वाट त्याच्या समोरून आडवी जाते.

किड्यांचा बंदोबस्त तर फारच सोपा आहे. रात्री कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतो. भिंगापासून वीतभर अंतरावरून उडणारं पाखरू त्या उजेडात पांढरंफेक चमकतं आणि चित्रात माणसाएवढं मोठं दिसतं. त्यातच कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर किडे आपोआप तिथेच जमतात, किड्यांमागे पाल येते आणि कोळी जाळं विणतो. त्या जाळ्याचा एक धागा भिंगासमोर हलला की रात्रभर फोन वाजतो. आम्ही दरवाज्यावरचा दिवा काढून दहा-बारा फूट पलीकडे, अंगणाच्या कोपऱ्यात लावला. किडे तिकडे गेले. कोळ्याच्या जाळ्याला मात्र दुसरा उपाय नाही: आठवड्यातून एकदा लांब दांड्याचा कुंचा फिरवायचा आणि भिंग मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं. सोयाबीनच्या आणि पुढे तुरीच्या राशीच्या दिवसांत भुशाची धूळ भिंगावर बसते, तेव्हा तर रोजच बघावं. धुळकट भिंगावर समोरचा उजेड पसरतो आणि अख्खं चित्र हलल्यासारखं दिसतं.

आता कॅमेऱ्याचं तोंड. बसवणारा पोरगा ‘सगळं दिसायला पाहिजे’ म्हणून तो आभाळ, रस्ता आणि शेजाऱ्याचं दार, सगळं चौकटीत घेऊन देतो. आपल्याला हवं असतं आपलं फाटक आणि आपलं अंगण. कॅमेरा आठ-दहा फुटांवर, छज्ज्याखाली, खाली झुकवून लावावा. आभाळ चौकटीबाहेर गेलं की ढगांची सावली, पाखरं आणि पावसाच्या बऱ्याच रेघा जातात. उरलेल्या चित्रात अॅपमधून पट्टा आखायचा: फक्त एवढ्या भागात हाललं तर कळव. रस्ता पट्ट्याबाहेर ठेवावा. ऊस तोडणीच्या दिवसांत रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात आणि त्यांच्या दिव्यांचा झोत समोरच्या भिंतीवरून सरकतो. ती भिंतही वगळावी. आमचा एक पाहुणा मैलारच्या खंडोबाच्या वाटेवर राहतो. जत्रेच्या दिवसांत त्याचा फोन थांबतच नसे. पट्टा फाटकाच्या आत ओढल्यावर थांबला.

शेजाऱ्याचं अंगण चौकटीत घेऊ नये, हे मी फक्त फोन वाजतो म्हणून सांगत नाही. आपल्याकडे बाया अंगणात भांडी घासतात, केस वाळवतात, काही घरांत न्हाणी अजून परसातच आहे. दुसऱ्याच्या लेकीबाळी दिवसरात्र आपल्या फोनवर दिसणं बरं नव्हे. तेवढा भाग काळा करून झाकायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ती वापरावी आणि शेजाऱ्याला बोलावून फोनवर दाखवावी. कॅमेऱ्यावरून झालेलं भांडण मिटायला चोरीपेक्षा जास्त दिवस लागतात.

मग वाळत घातलेली लुगडी, लाकडांवर टाकलेली ताडपत्री, भिंगासमोर आलेली शेवग्याची फांदी. यांना सेटिंगमध्ये उत्तर शोधू नका. दोरी सरकवा, ताडपत्री बांधा, फांदी छाटा.

हे सगळं झाल्यावरच सेन्सिटिव्हिटीला हात लावावा. ती एकेक पायरी खाली आणायची आणि प्रत्येक पायरीला घरच्या कुणाला तरी फाटकातून आत चालायला लावायचं. दुपारी एकदा, तिन्हीसांजेला एकदा, रात्री एकदा. सरळ चालून, वाकून, घोंगडी पांघरून. घोंगडीखाली अंगाची ऊब झाकली जाते, म्हणून ती परीक्षा सोडू नये. जिथे माणूस हुकतो, त्याच्या एक पायरी वर थांबावं. कुत्र्या-कोंबड्यांसाठी काही कॅमेऱ्यांत किती लहान आकार सोडून द्यायचा हे ठरवता येतं. तेही याच वेळी बघून घ्यावं.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फोनवरची सूचना आणि कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग ही दोन वेगळी कामं आहेत. सूचना कमी करा, रेकॉर्डिंग कमी करू नका. विजेवरच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डावर चोवीस तास रेकॉर्डिंग चालू राहू द्यावं आणि सूचनांना वेळापत्रक लावावं. पोरंसोरं, दूधवाला, भाजीवाला यांची ये-जा असते तोवर दरवाज्यावरच्या कॅमेऱ्यानं गप्प बसावं. रात्री दहा ते पहाटे पाच बोलावं. विहिरीवरच्यानं मात्र आठही प्रहर बोलावं, कारण तिथे कामाशिवाय कोणी फिरकत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी रिंगटोन देता येत असेल तर मळ्याला सर्वांत कर्कश द्यावी. एका अॅपमध्ये ते जमत नव्हतं, म्हणून आम्ही विहिरीवरचा कॅमेरा जुन्या फोनवर घेतला. तो फोन आता उशाशी असतो आणि त्याला दुसरं काम नाही.

सूचना किती जणांना जाव्यात, यावरही घरात बोलून घ्यावं. तिघांना गेल्या की तिघंही दुसऱ्यानं बघितलं असेल म्हणून सोडून देतात. आमच्याकडे आता वार वाटून घेतलेत. ज्याचा वार त्यानं बघायचं आणि शंका आली की आधी मळ्याशेजारच्या वस्तीवर फोन करायचा, मग 112 ला. आपण एकट्यानं बॅटरी घेऊन अंधारात जायचं नाही, हे मी सत्तरीतल्या माणसांना हात जोडून सांगतो.

शेवटी वीज. करंट गेला की राऊटर आणि कॅमेरा बंद पडतात, म्हणून ते छोट्या इन्व्हर्टरवर घ्यावेत. तरीही रस्त्यावरचा दिवा विझतो, कॅमेरा दिवसाच्या चित्रावरून रात्रीच्या चित्रावर उडी मारतो आणि तेवढ्यावरून सूचना पाठवतो. परत आला की उलटं. विझत्या दिव्याचा प्रश्न अंगणात आपला दिवा बॅकअपवर ठेवल्यानं सुटतो. शिवाय काही कॅमेऱ्यांचं घड्याळ वीज गेली की मागे जातं. महिन्यातून एकदा चित्रावरची तारीख-वेळ हातातल्या घड्याळाशी ताडून घ्यावी. ठाण्यात चित्रफीत घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न वेळेचाच येतो, आणि चित्रावर भलतंच साल दिसलं तर पुढचं बोलणं अवघड होऊन बसतं.