आपण न भरलेले आकडे

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा सांगलीच्या वालचंदमधून नुकती बाहेर पडलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: सर, आधी रेव्हिट शिकू की हॅप? रेव्हिटमध्ये इमारतीचं मॉडेल करतात, हॅपमध्ये एसीचा लोड, म्हणजे किती थंडावा लागेल, ते काढतात. इमारतीतला एसी, वीज, पाणी, ड्रेनेज यांचं डिझाइन करायची पुण्यात नोकरी हवी असते आणि क्लासच्या फीचं घरी बोलून झालेलं असतं. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. आधी कुठलंही शिका. फक्त शिकताना जे आकडे सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून आलेले असतात, त्यांच्यावर डोळा ठेवा. स्वतः टाकलेला आकडा माणूस दोनदा तपासतो, आयत्या आकड्याकडे कुणी बघत नाही.

सांगलीकडच्या एका मंगल कार्यालयाचा एसी बघायला मला बोलावलं होतं. मशिन नवी, डक्टला गळती नाही, गॅस बरोबर. साखरपुड्याला हॉल गारठायचा आणि लग्नात ऐन मुहूर्ताला पाहुणे पत्रिकेनं वारा घेत बसायचे. मालकांचा संशय मशिनवर, मशिनवाल्याचा विजेच्या दाबावर. मी लोडचं शीट मागवलं. हॅपमधून काढलेली पानंच्या पानं, दिसायला देखणी. पण हॉलमधली माणसं एखाद्या ऑफिसात बसावीत तितकी विरळ धरलेली. जागेचा प्रकार निवडताना जो आकडा आला तो कुणी बदललाच नव्हता.

नुसता बसलेला माणूस साधारण ११५ वॅट उष्णता सोडतो. अक्षतांसाठी हजार माणसं एकदम आत आली की एकट्या माणसांचा भार ३२-३३ टन होतो. त्यांना लागणारी ताजी हवा, व्हिडिओवाल्यांचे दिवे आणि जेवणाच्या बाजूचा कायम उघडा दरवाजा हे वेगळंच. शीटमध्ये सर्वांत जास्त लोड दुपारी भिंती तापतात तेव्हाचा दाखवला होता. मंगल कार्यालयात तो मुहूर्तावर ठरतो, मग मुहूर्त साडेबाराचा असो की गोरज. माणसांच्या वेळापत्रकाचा रकाना असतो, तो आपण भरायचा. हॅपमध्ये पंचांग नाही. मशिन बदलून उपयोग नव्हता, जास्तीची युनिटं बसवावी लागली.

म्हणून पहिलं काम घरच्या एका खोलीचं करा. टेप लावून मापं घ्या, भिंत किती इंची, पश्चिमेला खिडकी केवढी, वर पत्रा की स्लॅब ते लिहा आणि कागदावर लोड काढा. मग तीच खोली सॉफ्टवेअरमध्ये घाला. दोन्ही उत्तरं जुळणार नाहीत. फरक कुठून आला ते सापडेपर्यंत पुढचा धडा उघडू नका.

गाव निवडतानाही असंच होतं. सॉफ्टवेअरच्या यादीत मुंबई, पुणे हमखास भेटतात आणि नवखा माणूस जवळचं म्हणून पुणे घेऊन पुढे जातो. सातारा जिल्ह्याला हे कसं चालेल? महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर फिरतात. पावसाचं पाणी साठवायची टाकी दोन्हीकडे एका हिशेबानं निघणार नाही, हे निदान डोळ्यांना दिसतं. उंची दिसत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे, तिथली हवा जवळपास १५ टक्के विरळ. हवेच्या प्रवाहावरून उष्णता काढायच्या, आपण पाठ केलेल्या सूत्रातला १.०८ हा गुणक समुद्रकाठचा. वर तो ०.९२ च्या आसपास उतरतो. हजार सीएफएम हवा आणि २० अंश फॅरनहाइटचा फरक धरला तर किनाऱ्यावर ताशी २१,६०० बीटीयू, महाबळेश्वरला १८,३०० च्या आसपास. थंडीत हॉटेलच्या खोल्या नीट गरम होत नाहीत, त्याचं एक कारण इथे असू शकतं. सॉफ्टवेअरला हे गणित येतं, पण उंचीचा रकाना भरल्यावर.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. रेव्हिट नळ-कमोडचे फिक्श्चर युनिट मोजून प्रवाह काढतं, आणि त्यामागचा तक्ता अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या संहितेचा आहे. आपल्याकडे गच्चीवर टाकी आणि वरच्या मजल्याच्या शॉवरला जेमतेम दोन मीटर पाण्याचा दाब, म्हणजे ०.२ बार. मॉडेलमध्ये एकही एरर येत नाही आणि घरमालक बादली भरून आंघोळ करतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा नववा भाग आधी वाचा. कंटाळवाणा आहे, तरी वाचा.

सांगलीत मात्र सगळ्यांच्या आधी लेव्हल. रेव्हिटमधला शून्य तळमजल्याचा असतो, कृष्णेचा नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बेसमेंटमध्ये पंप, पॅनेल, जनरेटर छान मावतात, पाइप-डक्ट एकमेकांना आडवे येतात का ते सांगणारा क्लॅशचा रिपोर्ट स्वच्छ येतो, आणि पुरात सगळ्यात आधी तेच बुडतं. जागेवर जा, शेजारच्या भिंतीवर २०१९ ची खूण विचारून घ्या, ऑटो लेव्हल लावून मोजा आणि मॉडेलमध्ये तिची वेगळी लेव्हल आखा. आर्किटेक्टला पार्किंगची जागा सोडायची नसते. पॅनेल वर नेण्यासाठी त्यांच्याशी वाद घालताना ती रेघ सेक्शनमध्ये दिसलेली बरी.

राहिला पैसा. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क रेव्हिट वर्षभरासाठी फुकट देतं आणि शिकत असेपर्यंत मुदत वाढवता येते. त्या परवान्यावर पैसे घेऊन काम करायचं नाही, आणि क्रॅक केलेली कॉपी तर नकोच. दिव्यांसाठी डायलक्स, पाण्याच्या जाळ्यासाठी एपानेट, दोन्ही फुकट आहेत. आणखी एक, जे क्लासमध्ये शेवटच्या दिवशीही कुणी सांगत नाही: रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि परत जुनी करताही येत नाही. पहिली भिंत काढण्याआधी आर्किटेक्टच्या ऑफिसात फोन करून त्यांच्याकडे कुठल्या वर्षाचं रेव्हिट आहे ते विचारून घ्या.