हलणाऱ्या पोटाचे चित्र

हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करून पाहा. चटईवर उताणे झोपा. बेंबीच्या थोडे वर एक वही ठेवा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. वही वर-खाली होताना दिसेल, मिनिटाला साधारण १५ वेळा. आता हातपाय न हलवता अगदी पुतळ्यासारखे पडून राहा. वही थांबली का? नाही थांबत. तुम्ही स्वस्थ असलात तरी तुमचे पोट स्वस्थ नसते.

वहीची हालचाल ही केवळ वरची झाली. आत छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि आपल्याबरोबर यकृत, जठर, प्लीहा, मूत्रपिंडे या साऱ्यांना खाली ढकलतो. शांत श्वासोच्छ्‌वासातही यकृत एक-दोन सेंटीमीटर सरकते. त्यातच आतडी अन्न पुढे ढकलण्यासाठी स्वतंत्रपणे वळवळत असतात आणि पाठीच्या कण्यापुढची मोठी रोहिणी दर ठोक्याला उसळत असते. मेंदू मात्र कवटीच्या पेटीत जवळजवळ निश्चल. म्हणूनच एम.आर.आय. या तंत्राने मेंदूची उत्तम चित्रे लवकर मिळाली आणि पोटाने शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे दमवले.

हे तंत्र कसे चालते ते आधी थोडक्यात पाहू. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी विपुल आहे आणि दोन्हींत हायड्रोजन आहे. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवला की तो कलत्या भोवऱ्यासारखा डुलू लागतो. या डुलण्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांची संख्या, क्षेत्राच्या प्रमाणात असते. १ टेस्ला क्षेत्रात ती सुमारे ४ कोटी २६ लाख भरते. रुग्णालयांतील बरीच यंत्रे १.५ टेस्लाची असतात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक! त्यांत ही कंप्रता ६ कोटी ३९ लाखांच्या आसपास येते. नेमक्या याच कंप्रतेच्या रेडिओलहरी शरीरात सोडल्या की भोवरे आडवे कलतात आणि पुन्हा सावरताना स्वतःच क्षीण रेडिओसंकेत देतात. यात क्ष-किरण नाहीत, की कोणतेही किरणोत्सर्गी द्रव्य नाही.

पण संकेत शरीराच्या कोणत्या ठिकाणाहून आला? याची युक्ती अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे न ठेवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित वाढते ठेवायचे. मग प्रत्येक जागेचे भोवरे वेगळ्या कंप्रतेने डुलतील आणि कंप्रता हाच त्या जागेचा पत्ता होईल. लॉटरबर यांचे पहिले चित्र होते पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे.

नळ्या श्वास घेत नाहीत. अडचण पुढेच होती. चित्र ओळीओळीने गोळा करावे लागते. समजा २५६ ओळी हव्यात आणि प्रत्येक ओळीनंतर भोवरे सावरण्यासाठी २ सेकंद थांबायचे आहे. एकूण वेळ ५१२ सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटे. तेवढ्यात रुग्ण सव्वाशेहून अधिक श्वास घेतो. त्यातून ही ‘ओळ’ म्हणजे चित्राची एक पट्टी नव्हे. प्रत्येक ओळीत सबंध चित्राचा थोडा थोडा अंश मिसळलेला असतो. त्यामुळे पोट हलले की केवळ हललेला भाग पुसट होऊन भागत नाही. त्याच्या फिकट प्रतिकृती सगळ्या चित्रभर भुतासारख्या पसरतात. तंत्रज्ञही त्यांना भुतेच म्हणतात.

तरीही पोटाचे चित्र काढण्याची जिद्द एकाने धरली. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाचे पीटर मॅन्सफील्ड. या गृहस्थांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्याच्या धंद्यात काम धरले होते. पदार्थविज्ञानाकडे ते मागाहून वळले. १९७८ मध्ये त्यांच्या गटाने माणूस मावेल असे यंत्र बांधले. झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे हृदयावर विपरीत परिणाम होईल, अशी भीती तेव्हा काही जाणकारांना वाटत होती. मॅन्सफील्ड यांनी दुसऱ्या कुणाला पुढे केले नाही. ते स्वतःच यंत्रात शिरले, आणि जिवंत माणसाच्या पोटाचा छेद दाखवणारे ते आरंभीचे चित्र त्यांच्याच पोटाचे आहे. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९८० मध्ये, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या गटाने एका कर्करोगाच्या रुग्णाची तपासणी केली. त्यांच्या यंत्राने छातीतील मूळ गाठ, यकृतातील बिघाड आणि हाडांत पसरलेला रोग दाखवून दिला. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता श्वासाशी कसे लढायचे? पहिला उपाय साधा होता. पोटाला एक पट्टा बांधायचा, श्वास सोडून पोट विसावले की तेवढ्यापुरतीच ओळ टिपायची आणि बाकीचा वेळ गप्प बसायचे. चित्र स्वच्छ येते, पण वेळ आणखी वाढतो. दुसरा उपाय म्हणजे एका श्वासाच्या विरामात सगळे उरकणे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे आक्सेल हासे आणि येन्स फ्राम यांच्या गटाने १९८५ च्या सुमारास भोवरे पूर्ण आडवे न पाडता थोडेसेच कलवून पाहिले. थोडा कललेला भोवरा सावरायला वेळ कशाला घेईल? एका ओळीला सेकंदाचा शंभरावा भाग पुरला, तर २५६ ओळी अडीच सेकंदांत होतात. फ्रायबुर्ग येथील युर्गेन हेनिग यांनी १९८६ मध्ये वेगळी वाट धरली: एकदा कलवलेल्या भोवऱ्यांकडून एकामागून एक अनेक ओळी वसूल करायच्या.

यापुढची युक्ती मला सर्वांत आवडते, कारण ती तुमच्या बीजगणिताच्या पुस्तकातली आहे. वेळ निम्मा करायचा तर निम्म्याच ओळी घ्या. पण तसे केले की चित्र घडी घातलेल्या कागदासारखे स्वतःवरच दुमडते आणि दोन वेगळ्या जागा एकाच ठिंबक्यात मिसळतात. समजा त्या जागांचे खरे तेज क्ष आणि य आहे. आता पोटाभोवती एकाऐवजी दोन ग्राहक वेटोळी ठेवा. पहिल्याला क्षची जागा जवळची, म्हणून क्षचा संकेत त्याला तिप्पट ऐकू येतो, दुसऱ्याला यचा. पहिले वेटोळे सांगते: ३क्ष + य = ११. दुसरे सांगते: क्ष + ३य = ९. सोडवा पाहू! क्ष = ३ आणि य = २. दुमडलेले चित्र उलगडले. डॅनियल सोडिक्सन यांनी १९९७ मध्ये आणि झ्युरिकच्या क्लास प्रूसमान व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा पद्धती मांडल्या. प्रत्यक्षात वेटोळी पुष्कळ असतात आणि समीकरणे लाखोंनी, पण तत्त्व एकसामयिक समीकरणांचेच. सबंध यकृत पंधरा-वीस सेकंदांच्या एका विरामात टिपता येऊ लागले त्यामागे या युक्तीचा मोठा वाटा आहे. पुढे २००७ मध्ये मायकेल लस्टिग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ओळी विस्कळीतपणे निवडल्या तर त्याहूनही थोड्या माहितीवर चित्र पुरे करता येते. लहान मुले आणि दमेकरी यांना श्वास रोखणे जमत नाही. त्यांच्यासाठी आता श्वास चालू असतानाच माहिती गोळा करून नंतर ती श्वासाच्या अवस्थेप्रमाणे संगणकाकडून वेगळी लावून घेतात.

वेळ हाती आला आणि एक गंमत झाली. आधी जे त्रासाचे वाटत होते, त्यातलेच काही रोगाची बातमी देऊ लागले.

पोटातले साचलेले पाणी घ्या. देवळातली घंटा आणि मातीचे मडके एकाच वेळी वाजवले तर मडक्याचा आवाज तत्काळ विरतो, घंटा घुमत राहते. पित्तासारख्या स्थिर द्रवाचा संकेत घंटेसारखा टिकतो, यकृताच्या मांसाचा मडक्यासारखा विरतो. म्हणून जरा उशिरा ऐकले की बाकी सारे काळे पडते आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका तेवढ्या पांढऱ्या चमकतात. नलिकेत खडा अडकला असेल तर पांढऱ्या प्रवाहात काळा डाग दिसतो. १९९१ पासून ही तपासणी पुढे आली. त्यापूर्वी या नलिका नीट पाहण्यासाठी तोंडातून दुर्बीण आत घालून रंगद्रव्य सोडावे लागे आणि त्यात काही वेळा स्वादुपिंडाला सूज येई. आता केवळ पाहण्यासाठी तो धोका पत्करावा लागत नाही. खडा काढायचाच असेल तेव्हा दुर्बीण लागते. एक अडचण उरते: जठरातले पाणीही चमकते आणि नलिकांवर झाकण घालते. त्यावर काही ठिकाणी रुग्णाला चक्क अननसाचा रस पाजतात! त्यातील मँगॅनीज जठरातल्या द्रवाचा संकेत लवकर विझवते.

चरबीचेही असेच. चरबीतील हायड्रोजन पाण्यातल्यापेक्षा किंचित मंद डुलतो, १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांनी कमी. यामुळे चित्रात अवयवांच्या कडा सरकत आणि सगळे वैतागत. १९८४ मध्ये थॉमस डिक्सन यांनी हा फरकच कामाला लावला. दोन्ही संकेत एकाच दिशेला असताना एक चित्र आणि परस्परविरुद्ध असताना दुसरे घेतले, तर बेरीज-वजाबाकीने पाणी वेगळे, चरबी वेगळी. यकृतात शेकडा किती चरबी साठली आहे हे आता सुई न खुपसता मोजता येते.

हालचालही शेवटी कामाला लागली. बाजारात कलिंगड टिचकी मारून पारखतात ना? तसेच उजव्या बरगड्यांवर एक छोटा ढोल ठेवून सेकंदाला ६० कंपने यकृतात सोडतात आणि लहरी कशा पुढे जातात ते टिपतात. दीर्घ आजाराने निबर झालेल्या यकृतात लहरी वेगाने धावतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एहमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली.

ओटीपोटात श्वासाचा उपद्रव कमी असतो, आतड्यांच्या वळवळीचा अधिक. ती तात्पुरती थांबवण्यासाठी कधी इंजेक्शन देतात. गर्भाशयातील गाठी किती आणि नेमक्या कुठे, हे शस्त्रक्रियेपूर्वी यात छान दिसते. पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीत पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते पाहतात. दाट पेशींच्या गाठीत ते कोंडलेले असतात. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले, की आधी एम.आर.आय. केले तर सुमारे एक चतुर्थांश पुरुषांची सुईची तपासणी टळू शकते.

याचा अर्थ प्रत्येक पोटदुखीला हे यंत्र हवे असा नाही. पित्ताशयातल्या खड्यासाठी आधी सोनोग्राफी पुरते, अपघातात सी.टी. झटपट होते. शिवाय हे चुंबक रात्रंदिवस चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाईक म्हणून आलेल्या तरुणाने प्राणवायूचे सिलिंडर त्या खोलीत नेले, चुंबकाने दोघांनाही खेचून घेतले आणि त्या तरुणाचा मृत्यू झाला. तुम्ही कुणासोबत गेलात तर दारावरच्या माणसाचे ऐका, यंत्र बंद दिसले तरीही.

आता पुन्हा चटईवर या. तपासणीच्या वेळी रुग्णाला बहुधा ‘श्वास सोडा आणि थांबा’ असे सांगतात, ‘घ्या आणि थांबा’ असे सहसा नाही. का बरे? वहीशेजारी उभी पट्टी धरायला मित्राला सांगा. नेहमीसारखा श्वास सोडून थांबल्यावर वहीची उंची पाच वेळा लिहून घ्या, मग श्वास घेऊन थांबल्यावर पाच वेळा. कोणत्या पाच आकड्यांत फरक कमी पडतो ते पाहा.